पोटकलम पाणी

वच्छला रामटेकेची लाल पेन्सिल एकदा चालू लागली की थांबत नसे. बाईंकडून परत आलेल्या वहीला गोवर निघालेला असतो, असं तिचे विद्यार्थी आपसांत म्हणत. ते तिला माहीत होतं आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता. त्या शनिवारी मात्र हिराच्या वहीच्या सातव्या पानावर पेन्सिल मधेच थांबली, टोक कागदात रुतलं आणि मोडलं. वर्ग रिकामा होता. समाजकार्य शिकायला आलेली बाराही जणं कॅम्प एकच्या चौकात भजी खायला गेली होती. बासष्ट सालचा मार्च नुकताच लागला होता, पण डोक्यावरचा पत्रा आत्ताच तापू लागला होता, आणि पोलादाच्या प्लांटचा दोनचा भोंगा होऊन गेल्यावर जी एक पोकळ शांतता पसरते ती पसरली होती. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. वाचायची गरज नव्हती, ती ओळ तिला गेली कित्येक वर्षं पाठ होती. पण ती हिराच्या गोल गोल अक्षरात, एका परक्या माणसाच्या तोंडून आलेली पाहून तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हे, की कोणीतरी आपल्या घरात शिरून आपली पेटी उघडली आहे.

हिराची ही केस वर्गात विनोदाचा विषय झाली होती, आणि त्यात वच्छलाचाही हात होता. सेक्टर दोनमधली एक बाई महिनाभरापूर्वी, वर्ग चालायचा त्या समाजकार्य केंद्रात तक्रार घेऊन आली होती. नवरा प्लांटमध्ये कायम नोकरीला, दारू पीत नाही, हात उचलत नाही, पगार आणून हातात देतो. मग तक्रार काय? तर तो घरातलं भरलेलं पाणी सांडून देतो. नळाला सकाळी दीड तास पाणी येतं, ही बाई हंडे, बादल्या, मटका, कळशी सगळं काठोकाठ भरून ठेवते, आणि सुट्टीच्या दिवशी भर दुपारी एक वाजला की हा उठतो आणि एकेक भांडं उचलून अंगणात उलटं करतो. मग दिवसभर कोरडा बसतो. वच्छला तेव्हा वर्गात म्हणाली होती, पालथ्या घड्यावर पाणी ऐकलं होतं, हा घडाच पालथा करणारा भेटला. सगळे हसले होते. हसणं ओसरल्यावर तिनं हिराला सांगितलं होतं, की जा, सहा वेळा जा, त्याच्याशी बोल, आणि जे बोलेल ते लिहून आण. लिहिण्याचे तिचे दोनच नियम होते आणि ते ती दरसाल पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायची. माणूस बोलला तसं लिहायचं, आपली शुद्ध भाषा त्याच्या तोंडात कोंबायची नाही. आणि नाव लिहायचं नाही. माणसाला एक अक्षर द्यायचं आणि भेटीच्या सुरुवातीला त्याला सांगायचं, तुमचं बोलणं माझ्यापाशीच राहील. हिरानं दोन्ही नियम पोथीसारखे पाळले होते. त्या माणसाचं अक्षर ग होतं, आणि ग काय बोलला ते असं होतं:

‘बाभळीखाली दुसऱ्या लोकायचा मटका होता, तो बारा वाजताच खाली झाला. शेडमधल्या मटक्यातून टोळीतल्या एका पोट्ट्यानं पाणी घेतलं. मी म्हटलं, कावून रे? तर तो बोलला, सन पंचावनचा कायदा हाय, बाविसावा. कलम चौथं, पोटकलम पाणी. मले पहिले हसू आलं, अन् मंग राग आला. मी मटका उलटा केला. सगळं पाणी मातीत गेलं. मी सगळ्यायले म्हटलं, याच्यापायी गेलं तुमचं पाणी. अन् त्याले म्हटलं, नवीन पाणी येईपर्यंत इथंच उन्हात उभा राह्य. तो राह्यला उभा.’

पोटकलम पाणी. साऱ्या दुनियेत असं म्हणणारा एकच माणूस होता. कुम्हारीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, गँगमन देवाजी रामटेकेच्या ओट्यावर बसून तिनं आपल्या अकरा वर्षांनी धाकट्या भावाला, पुंडलिकाला, तो अस्पृश्यताबंदीचा कायदा शिकवला होता. ती तेव्हा मुंबईहून समाजकार्याचं शिक्षण घेऊन नुकतीच परतली होती आणि सापडेल त्याला कायदा शिकवत सुटली होती, आईला, शेजारणींना, पॉइंट्समनला. पुंडलिकाला अभ्यासाचं वावडं होतं, मॅट्रिकला दोनदा आपटला होता, पण कायदा ऐकताना त्याचे डोळे लकाकायचे. चौथ्या कलमाच्या पोटात बरंच काही होतं, आणि त्याची समजूत अशी, की या पोटकलमांना घरातल्या पोरांसारखी नावं असतात. पोटकलम पाणी, पोटकलम रस्ता, पोटकलम मसणवटा. तिला इतकं हसू आलं होतं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं ते दुरुस्त केलं नाही. बाकी सगळ्या जगाच्या चुका ती दुरुस्त करत आली, ही एक राहू दिली. राहू दिली म्हणूनच ती आज तिला ओळखू आली, नाहीतर ग नावाच्या कोणा माणसानं क्ष नावाच्या कोणा मजुराला उन्हात उभं केलं एवढंच तिनं वाचलं असतं, समासात ‘चांगली नोंद’ असं लिहिलं असतं आणि पान उलटलं असतं.

अठ्ठावन्न सालचा मे महिना. प्लांटसाठी मैलोन् मैल जमीन उकरली जात होती. भंडाऱ्याकडची, बालाघाटकडची, इथली छत्तीसगढी, ओडिशाची, आंध्रातली माणसं टोपल्या घेऊन खड्ड्यात उतरत होती आणि सायंकाळी मातीच्याच रंगाची होऊन वर येत होती. पुंडलिक एका ठेकेदाराच्या टोळीत खोदकामाला लागला होता. ठेकेदाराच्या शेडमध्ये सर्वांचा एक मटका आणि लांब बाभळीखाली सतनाम्यांचा आणि महारांचा दुसरा, हे त्यानं तिला एका रविवारी घरी येऊन सांगितलं. इथं लोखंड वितळवायला दुनियेतून माणसं आली आणि पाण्याचे मात्र दोन मटके, असं म्हणून तो हसला. ती हसली नाही. ती म्हणाली, मागू नकोस, घे. हे तिचे शब्द होते. ते तिनं आजवर कोणाला सांगितले नव्हते. मंगळवारी त्यानं घेतलं, आणि चार वाजता तो पडला, आणि सहाच्या आत गेला. पंचनाम्यात लिहिलं, उन्हाची लू लागून. त्या खड्ड्यावर दोनशे माणसं होती. ती चार महिने झोपड्या झोपड्या हिंडली. एकजण म्हणाला, आमी त दुसऱ्या गड्ड्यात होतो बाई. दुसरा म्हणाला, आमी बी. ऐकता ऐकता असं वाटावं, की तो खड्डा कोणी खोदलाच नाही, आपोआप पडला. एका म्हातारीनं एवढंच सांगितलं, की पाण्यावरून झालं, मुकादमानं केलं. सहा मुकादम होते. ठेकेदार काम संपवून निघून गेला, मुकादम पांगले, आणि ज्या ठिकाणी पुंडलिक उभा राहिला होता तिथं आता प्लांटचं काहीतरी प्रचंड उभं होतं. त्याच्या ज्वाळेकडं बघून सायंकाळी लोक पोरांना म्हणत, बघ बघ, किती सुंदर.

लोक तिच्याबद्दलही असंच काही सुंदर म्हणत. भावाच्या दुःखातून बाईंनी समाजाला वाहून घेतलं, असं सत्काराच्या भाषणात कोणीतरी म्हणालं होतं आणि ती खाली मान घालून बसली होती. धादांत खोटं होतं ते. सोळाव्या वर्षी तिनं स्टेशनवरच्या पाणी देणाऱ्याच्या हातून ओंजळीत पाणी घ्यायचं नाकारलं होतं आणि बापाची नोकरी धोक्यात आणली होती. दुर्गच्या चहाच्या हॉटेलात खिळ्याला टांगलेल्या वेगळ्या कपांपायी ती तीन आठवडे दारात बसली होती आणि आठ दिवस कोठडीत राहून आली होती. मैला उचलणाऱ्या बायकांना नळ मिळावा म्हणून तिनं ज्या अर्जांची भेंडोळी लिहिली ती एकावर एक ठेवली तर तिच्या कमरेपर्यंत आली असती. हे सगळं पुंडलिक जाण्याच्या आधीपासून होतं आणि त्यात एक प्रकारचा आनंद होता, तरुण माणसाला भांडताना होतो तसा. पुंडलिकानंतर काम तेच राहिलं पण त्यातला आनंद गेला आणि त्या जागी दुसरंच काही येऊन बसलं. रविवारी कॅम्पातल्या बायकांना ती कायदा शिकवायची तेव्हा तोंडानं ती हक्क म्हणायची आणि मनात म्हणायची, सापडू दे. सहा मुकादमांपैकी एक. सापडू दे. हात जोडून कोणी नमस्कार केला की ती त्याच्या हातांकडे बघायची, हे हात मटका उलटा करण्याइतके मजबूत आहेत का. चार वर्षं तिनं हे असं अंगावर बाळगलं होतं. तिला सूड हवा होता. समाजकार्याच्या एकाही पुस्तकात या शब्दासाठी जागा नव्हती, म्हणून तो तिनं कुठं लिहिला नव्हता एवढंच.

भजी खाऊन पोरं परतली. तिनं हिराला आतल्या खोलीत बोलावलं. हिरा बावीस वर्षांची, बाप रेल्वेत फिटर, घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल पडलं की हिंदी. “हा ग कोण?” वच्छलानं विचारलं. तिला वाटलं होतं तिचा आवाज थरथरेल, पण तो नेहमीसारखा वहीतली चूक दाखवावी तसा आला. हिरा गोंधळली. “कावून बाई? नोंदीत काही गलत झालं का?” “नोंद चांगली आहे. नाव सांग.” “नाव नाई सांगत न आपण. तुम्हीच त शिकवलं.” “मी विचारते आहे, हिरा. मी.” “तुमाले बी नाई. तुम्हीच म्हटलं होतं, प्राचार्य विचारो, पोलीस विचारो, खुद मी विचारो.” हे खरं होतं. दरसाल ती हे वाक्य टाळीच्या जागी म्हणायची. मग वच्छलानं ते सांगून टाकलं. “ज्याला उन्हात उभं केलं, तो माझा भाऊ होता.” हिराचे डोळे भरून आले, ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. मग ती म्हणाली, “मंग त अजिबातच नाई सांगणार, बाई.” आणि ती रडत रडत बाहेर गेली. वच्छलाला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याच क्षणी हेही कळलं की इतक्या वर्षांत आपल्या हातून एवढी चोख विद्यार्थिनी दुसरी घडली नाही. शिकवावं तर असं, की उद्या तेच आपल्या गळ्याशी यावं.

नाव सापडायला दहा मिनिटं लागली. त्यात काही शौर्य नव्हतं. तक्रार घेऊन आलेल्या बाईची नोंद केंद्राच्या हजेरीत होती: रंभा, सेक्टर दोन, नवऱ्याचं नाव गुलाबराव. आणि रंभा तिच्या ओळखीची निघाली. रविवारच्या वर्गात पहिल्या ओळीत बसणारी, डोक्यावरचा पदर दातांत धरून ऐकणारी, ठेंगणी बाई. तिनं एकदा वच्छलाला घरची वडी आणून दिली होती, आणि वच्छलानं ती खाल्ली होती.

रविवारी ती वर्गाला गेली नाही, बरं नाही असा निरोप पाठवला. घरी आई, गयाबाई, तांदूळ निवडत बसली होती. बाप जाऊन दोन वर्षं झाली तेव्हापासून आई तिच्याकडे होती. पोटच्या पोराबद्दल ती रडायची नाही, पण दर चार-सहा महिन्यांनी, डाळीत मीठ कमी आहे का असं विचारावं तशी विचारायची. त्या दिवशीही तिनं विचारलं. “त्या मेल्याचा काई पत्ता लागला का वं?” वच्छलाला सांगावंसं वाटलं. जिभेवर नाव होतं. सांगितलं असतं तर आई सूप बाजूला ठेवून उठली असती, चपला घातल्या असत्या आणि सेक्टर दोन कोणीकडं म्हणून विचारत निघाली असती, आणि दारात उभी राहून असं काही तळतळून बोलली असती की त्या घरानं पुन्हा हंडा भरला नसता. तो सूड पुरा झाला असता. पण तो आईचा झाला असता, आणि वच्छलाला तो स्वतःला हवा होता, कायद्यानं, कागदावर, शिक्क्यासह. ती म्हणाली, “नाई लागला.” आईनं एक खडा निवडून बाजूला टाकला. “लागंल,” ती म्हणाली. “मी मराच्या पहिले लागला पाह्यजे बस.”

सोमवारी ती दुर्गला गेली. भैय्याजी वकील तिच्या हॉटेलाच्या दारात बसण्याच्या दिवसांपासूनचे ओळखीचे, जन्मानं नागपूरचे, वकिलीनं दुर्गचे, पान खाऊन खाऊन दात विटकरीच्या रंगाचे. त्यांनी हिराची वही चष्मा वर सारून वाचली आणि मिटून टेबलावर ठेवली. “वच्छलाताई, हे कोर्टात चालत नाही. ग म्हणजे कोण? गणपती?” “मला माहीत आहे कोण.” “तुम्हाले माहीत असून काय होते? वहीत नाव नाही, सही नाही. ही वही लिहिली एका शिकाऊ पोरीनं, ते बी ऐकून. उद्या तो म्हणंल मी बोललोच नाही, तर किस्सा खतम. तुम्ही लोक नावंच लिहीत नाही, मंग आम्ही लढावं कोणाच्या बरोबर, अक्षराबरोबर?” नाव लिहू नका हा नियम तिनं गरिबांच्या रक्षणासाठी केला होता. गरिबांमध्ये मटके उलटे करणारेही असतात हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. “आणि समजा तो स्वतः येऊन म्हणाला, की हो, मी केलं?” “तर होईल केस. कलम चार.” “खुनाची?” भैय्याजींनी तिच्याकडं पाहिलं, चष्मा उतरवला. “खुनाची कशी होईल, ताई? उन्हात उभा राह्य म्हटलं, तो राहिला. हात लावला नाही. कागदावर लू लिहिली. चार वर्षं झाली, प्रेत जळालं. पाणी घेऊ दिलं नाही, बस, एवढंच. सहा महिने. फार झालं तर. जज नरम असला तर नुसताच दंड.” “सहा महिने,” ती म्हणाली. “कायदा तुम्हीच लोकांले शिकवता, मी नवीन काय सांगितलं?” खरंच, नवीन काहीच नव्हतं. चौथ्या कलमाची शिक्षा ती झोपेत सांगू शकली असती. हजारो माणसांना तिनं ती सांगितली होती, तेव्हा बायका टाळ्या वाजवायच्या, कारण त्या आधी शून्य होतं आणि शून्यापेक्षा सहा महिने केवढे तरी मोठे. पुंडलिकाच्या शेजारी ते सहा महिने ठेवून पाहायचं तिनं आजवर टाळलं होतं, ते त्या टेबलापाशी आपोआप घडलं. आपण जन्मभर ज्याला हत्यार म्हणून धार लावत आलो ती साधी विळी आहे, आणि तिच्यानं फार तर भाजी चिरता येईल, असं तिला वाटलं आणि इतका राग आला की भैय्याजींनी पुढे केलेला चहा तिनं तसाच ठेवला. निघताना ती म्हणाली, “तो येईल. पुढच्या सोमवारी घेऊन येते.”

परतीच्या बसमध्ये आणि त्यानंतरचा सबंध दिवस ती मनात गुलाबरावाशी भांडत होती. तो नाही म्हणेल, मग ती असं म्हणेल. तो म्हणेल मी तिथं नव्हतोच, मग ती वहीतले त्याचेच शब्द त्याच्या तोंडावर फेकेल. तो बायकोला आत जा म्हणेल, ती म्हणेल राहू द्या, ऐकू द्या. एकदा कल्पनेत तिनं त्याला पाया पडायला लावलं आणि पाय मागे घेतले. तिला त्याचा नकार हवा होता. नकार देणाऱ्या माणसाला ठेचून काढता येतं. हिराच्या वहीतले शब्द आपण त्याच्या तोंडावर फेकले की हिरानं दिलेलं वचन मोडणार, हेही तिला दिसत होतं, आणि मोडू दे असंच तिला वाटत होतं. आयुष्यभर नियम पाळून पाहिले, त्यांनी तिला एक अक्षर दिलं होतं.

बुधवारी दुपारी ती सेक्टर दोनमध्ये गेली. क्वार्टर सगळी एका साच्यातली, पण रंभेचं घर दुरून ओळखू आलं. शेजारच्या अंगणांत माती भुरभुरत होती आणि त्या एका अंगणात चिखल वाळून भेगाळला होता, कडेला कोणीही न लावलेलं हिरवं गवत माजलं होतं. दार रंभेनं उघडलं आणि तिचा चेहरा फुलला. “बाई! या न, या. अवो, पाहा कोण आलं! रविवारी बरं नव्हतं म्हणे तुमाले?” आतून गुलाबराव आला. चाळिशीचा, खाकी पँट, बनियन, आखूड मानेचा, कानावर केस असलेला माणूस. वच्छलानं सवयीनं त्याच्या हातांकडे पाहिलं. साधे हात होते, अंगठ्याला चिंधी बांधलेली. केंद्राच्या मोठ्या बाई आपल्या घरी आल्या म्हणून तो गडबडला, खुर्ची पुसली, उभाच राहिला. ती बसली नाही. इतके दिवस घोळवलेली सगळी वाक्यं घशाशी आली आणि त्यांतलं एकही बाहेर पडलं नाही. पडलं ते वेगळंच. ती म्हणाली, “त्याचं नाव पुंडलिक होतं. पुंडलिक देवाजी रामटेके. मी त्याची मोठी बहीण.”

रंभेला काही कळलं नाही, ती एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिली. गुलाबराव मात्र हळूच खाली बसला, खुर्चीवर नाही, जमिनीवर, भिंतीला टेकून. “नाव नव्हतं मालूम मले,” तो म्हणाला. “टोळीत ऐंशी जणं होते. मी त्याले ‘ए लंब्या’ म्हणो.” मग म्हणाला, “माह्यी बाई सांगते, असं म्हणे तो. कायदा माह्यी बाई सांगते. तुमीच होय का त्या?” घरी पुंडलिक तिला बाईच म्हणायचा. वहीत हे नव्हतं. कदाचित त्यानं हिराला सांगितलं नव्हतं, कदाचित हिरानं ते गाळलं होतं. “मीच,” ती म्हणाली. गुलाबराव मान हलवत राहिला. “लय आयकत होता तो तुमचं. तीन घंटे उभा होता बाई, एक डाव बी बसला नाई. मी म्हटलं माफी माग अन् जाय सावलीत. तर हासे.” आणि मग, जणू हे सांगितलं तर काही फरक पडेल अशा आवाजात, “मी बी नाई पेलो पाणी. चार वाजेपर्यंत. एक थेंब नाई.” आपल्या तहानेचा हिशोब त्यानं तिच्यापुढं मांडला याचा तिला संताप आला. त्याचं अंगणात पाणी ओतणं, त्याचं कोरडं बसणं, सगळं तिला एकाएकी शिसारी आणणारं वाटलं. पुंडलिकाची तहानसुद्धा यानं स्वतःसाठी वापरली होती.

“हे सगळं सोमवारी दुर्गला कोर्टात येऊन सांगायचं,” ती म्हणाली. “अकरा वाजता. भैय्याजी वकिलांकडं.” आता नाही म्हण, तिनं मनात म्हटलं. म्हण ना. तो म्हणाला, “येतो.” एवढंच. चार वर्षं ती ज्याला शोधत होती तो माणूस सापडला, आणि तो येतो म्हणाला, जसं कोणी बाजारात येतो म्हणावं. तिच्या हातात काहीच उरलं नाही. भांडण नाही, नकार नाही, ठेचून काढायला डोकं नाही. सोमवारी तो जाईल, सांगेल, हलका होईल. सहा महिने आत राहील, किंवा तेवढेही नाही, बाहेर येईल आणि मग त्याच्या घरातले हंडे भरलेले राहतील. हा न्याय तिनं स्वतः चालत येऊन त्याच्या दारात आणून दिला होता.

तेव्हा त्यानं विचारलं. मान खाली होती, अंगठ्याची चिंधी सोडत आणि पुन्हा गुंडाळत होता. “बाई, यात फाशी असते का?” रंभेच्या तोंडून एक आवाज निघाला, भांडं आपटावं तसा. वच्छलानं त्याच्याकडं पाहिलं आणि तिला दिसलं, की हा माणूस चार वर्षं फाशीच धरून चालला आहे. त्याला कायदा माहीत नव्हता. पुंडलिकानं त्याला कलम सांगितलं होतं, शिक्षा सांगितली नव्हती. उत्तर तिच्या जिभेवर होतं. तिच्या आयुष्यात कोणी तिला कायदा विचारला आणि तिनं सांगितला नाही असं एकदाही घडलं नव्हतं. ठेकेदारांनी विचारलं तरी सांगितला होता, पोलिसांनी टिंगलीनं विचारलं तरी सांगितला होता, ज्या हॉटेलवाल्यानं तिच्या अंगावर उष्टं पाणी टाकलं त्यालासुद्धा कलम, शिक्षा, दंड सगळं शांतपणे समजावून दिलं होतं. माणसाला त्याचा कायदा कळला पाहिजे, मग तो कोणीही असो. हीच तिची जन्माची कमाई होती. ती म्हणाली, “सोमवारी वकील सांगतील.”

आणि ती पायऱ्या उतरली. रंभा तिच्यामागं धावत कोपऱ्यापर्यंत आली, अनवाणी, पदर खांद्यावरून घसरलेला. “बाई. बाई, थांबा न. मले काईच मालूम नव्हतं, आईची शपथ. तुमी त रविवारी आमाले सगळं सांगता. कोणाले किती, कायचं किती. हे बी सांगा न. फाशी हाय का जन्मठेप हाय? एक शब्द सांगा, मंग मी काई नाई विचारत.” तिनं वच्छलाचा हात धरला होता. दोन शब्द होते, सहा महिने. ते म्हटले असते तर ही बाई तिथंच रस्त्यावर बसून देवाचं नाव घेत रडली असती आणि घरी धावत गेली असती. रंभेनं काय केलं होतं? काहीच नाही. पुंडलिकानं तरी काय केलं होतं. वच्छलानं आपला हात सोडवून घेतला, जोरानं नाही, एकेक बोट करून. “सोमवारी,” ती म्हणाली, “अकरा वाजता. उशीर करू नका.”

रस्त्याला लागल्यावर तिनं मागं वळून पाहिलं नाही. आपल्याला वाईट वाटेल, अशी ती वाट पाहत होती. सायकलींवरून दुसऱ्या पाळीची माणसं चालली होती, त्यांतल्या दोघा-तिघांनी बाई, नमस्ते म्हटलं, आणि तिनं त्यांना नमस्ते म्हटलं. वाईट वाटलं नाही. छातीत काहीतरी सैल झालं होतं आणि श्वास खोलवर जात होता, मे महिन्यातल्या त्या मंगळवारपासून गेला नव्हता तितका खोल. बरं वाटत होतं, लाज वाटावी इतकं बरं. आज बुधवार. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. रविवारी पहिल्या ओळीत रंभा येऊन बसेल, पदर दातांत धरून, एक शब्द ऐकायला, आणि ती वर्ग घेईल आणि दुसऱ्याच कुठल्या तरी कलमाबद्दल बोलेल. कायदा त्याला फार तर सहा महिने देणार होता. हे पाच दिवस तिनं दिले होते.